वाट सगळ्यात शेवटी: खानापूर-कणकुंबीच्या रानवाटांचे नकाशे कुठे आणि कसे शोधायचे

पुण्याहून बदलीवर बेळगावात आलात, तिकडचे राजगड-तोरणा पायाखालून गेलेत आणि आता जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या पट्ट्यात भटकायचंय. गुगल मॅप उघडला तर डांबरी सडक संपते तिथून पुढे नुसता हिरवा रंग. म्हणून तुम्ही विचारलंय, की या भागातल्या पायवाटांचा तपशीलवार नकाशा कुठे मिळेल?

ताजा, छापील, सगळ्या वाटा दाखवणारा असा एक नकाशा मला तरी गेल्या अठ्ठावीस वर्षांत मिळालेला नाही. मी पोटापाण्यासाठी जमिनी मोजतो आणि सुटीच्या दिवशी डोंगरात असतो, म्हणजे आठवड्याचे सातही दिवस नकाशाशीच गाठ. माझ्याकडे आहे ते चार-पाच ठिकाणांहून गोळा केलेलं, एकमेकांवर ठेवून बघायचं सामान. ते कुठून घ्यायचं ते सांगतोच. पण त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: नकाशावरच्या सगळ्या खुणांत सगळ्यात कमी भरवशाची खूण म्हणजे पायवाट. डोंगर हलत नाही. ओढा फारतर थोडा सरकतो. गाव उठलं तरी देऊळ राहतं. वाट मात्र चालणारी माणसं थांबली की तीन-चार पावसाळ्यांत बुजून जाते, आणि इकडचा पाऊस तर तुम्ही अजून बघायचाय.

पुण्याकडे किल्ल्याच्या वाटेला बाण मारलेले असतात, रविवारी माणसांची रांग असते. इथे वाट टिकते ती गुरांमुळे, नाहीतर दोन गावांत सोयरिक असेल तर. आंबोलीचा गाडीरस्ता होण्याआधी बेळगावचा माल बैलांच्या पाठीवर रामघाटातून वेंगुर्ल्याच्या बंदराकडे उतरायचा, तिकडून मीठ-मासळी वर यायची. असे लहानमोठे कितीतरी घाट या धारेवर होते. मोटारीचे रस्ते झाले तसे ते एकेक करून ओस पडले. जुन्या नकाशावर ते ठसठशीत दिसतात. प्रत्यक्षात काहींच्या तोंडाशी आज कारवीत शिरायला कोयता लागतो.

आता मुख्य सामान. सुरुवात टोपोशीटपासून, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या नकाशापासून. नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर, आणि दर २० मीटर उंचीला एक समोच्च रेषा, म्हणजे आपण डोंगरवाले जिला कंटूर म्हणतो ती. पूर्वी किनारपट्टीलगतची अशी शीटं सामान्य माणसाच्या हाताला सहज लागत नसत. २००५ च्या नकाशा धोरणाने संरक्षण दलांसाठी वेगळी आणि सगळ्यांसाठी वेगळी अशी दोन मालिका केल्या. सगळ्यांसाठीची ती ओपन सिरीज. २०१७ पासून ही शीटं पीडीएफमध्ये फुकट उतरवून घेता येतात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या ऑनलाइन मॅप्स पोर्टलवर नाव नोंदवायचं, शीटचा नंबर द्यायचा, झालं.

घोळ होतो तो नंबराचा. म्हणून तो कसा काढायचा ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुन्हा कुणाला विचारावं लागणार नाही. जुन्या पद्धतीत चार अंश बाय चार अंशाच्या चौकोनाला एक आकडा असतो. आपला चौकोन ४८, म्हणजे अक्षांश १२ ते १६ आणि रेखांश ७२ ते ७६. त्याचे एकेक अंशाचे सोळा तुकडे, ए पासून पी पर्यंत, डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून खाली उतरत. आपला तुकडा आय: अक्षांश १५ ते १६, रेखांश ७४ ते ७५. त्याचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा, तसेच वरून खाली. यातलं प्रत्येक शीट साधारण सत्तावीस किलोमीटर लांब आणि तेवढंच रुंद भरतं. या हिशोबाने चंदगड ४८ आय/१ वर येतं, कणकुंबी आणि चोर्ला ४८ आय/२ वर, जांबोटी-भीमगड ४८ आय/६ वर, कॅसलरॉक ४८ आय/७ वर आणि खानापूर ४८ आय/१० वर. बेळगाव शहराची मात्र गंमत आहे. ७४ अंश ३० मिनिटांची रेषा शहरातूनच जाते, त्यामुळे अर्धं गाव ४८ आय/५ वर आणि अर्धं ४८ आय/९ वर. सीमाभागातल्या माणसाच्या नशिबाला इथेही रेघ चुकलेली नाही! नव्या ओपन सिरीजमध्ये ४८ आय ला डी४३सी म्हणतात, शेवटचा आकडा तोच राहतो. म्हणजे ४८ आय/६ हेच डी४३सी६. हुक्केरी-गोकाककडे जायचं असेल तर १६ अंशाच्या वर जाता, तिथे ४७ एल सुरू होतं.

शीट उघडलं की आधी समास वाचा. सर्वेक्षण कोणत्या वर्षी झालं ते तिथे लिहिलेलं असतं. लोक थेट मधोमध बघायला लागतात आणि पन्नास वर्षांपूर्वीची वाट शोधत हिंडतात. कणकुंबीला कळसा कालव्याचं एवढं खोदकाम झालं, जुन्या शीटवर ते कुठून येणार? तिथे माळ म्हणून दाखवलेल्या जागी तुमच्यासमोर चर उभा राहतो.

रंगही नीट बघा. तपकिरी रेषा उंचीच्या. निळा ओढा म्हणजे बारमाही पाणी. काळ्या रंगातला ओढा म्हणजे कोरडं पात्र, पण ते बिनपावसाच्या दिवसांतलं. जुलैत तोच काळा ओढा तुम्हाला कमरेपर्यंत लागतो. पिवळं ते शेत, हिरवं ते रान, लाल ठिपक्यांची रेघ म्हणजे पायवाट. ओढ्याच्या किंवा कड्याच्या बाजूला बारीक आकडा आणि त्यापुढे इंग्रजी आर अक्षर दिसलं, तर ती तिथली तेवढ्या मीटरची खोली किंवा उंची असते. घाटात उतरताना हा बारका आकडा लाखमोलाचा.

रंगांचं एवढं सांगतोय त्याला कारण आहे. सुरुवातीच्या काळात आमच्याकडे शीटची काळी-पांढरी झेरॉक्स असायची, तीही झेरॉक्सवरून काढलेली झेरॉक्स. चौघे जण तिलारीच्या वरच्या पठारावरून निघालो होतो. नकाशावर कड्याच्या धारेवरून एक छान तुटक रेघ जात होती, म्हटलं हीच धारेवरची वाट. दोन तास करवंदीच्या जाळ्या तुडवत चाललो, हातापायांवर ओरखडेच ओरखडे. मधे कुठे वाट लागतेय असं वाटायचं, पुन्हा नाहीशी व्हायची. शेवटी एका कातळावर डबे उघडले. आमच्यातल्या एकाने उन्हात धरून कागद नीट बघितला आणि हसायलाच लागला. रेघेत दर थोड्या अंतरावर टिंब होतं. ती राज्याची हद्द होती. जन्मभर सीमाप्रश्न ऐकत वाढलेली चार माणसं आणि कुणालाही सीमारेषा ओळखता आली नाही. त्या दिवसापासून काळी-पांढरी प्रत मी हातात धरत नाही.

टोपोशीट मोबाईलमध्ये घालून त्यावर आपला निळा ठिपका बघायची सोय आता आहे. लोकस, ओरुक्स किंवा अवेंझा या ॲप्समध्ये शीट चढवता येतं. इथे एक खड्डा आहे. पृथ्वीचा आकार कसा धरला त्यावर अक्षांश-रेखांश ठरतात. जुन्या मालिकेतल्या शीटांचे एव्हरेस्ट गोलाभ नावाच्या आकारावर मोजलेले आहेत, तुमच्या फोनचे डब्ल्यूजीएस ८४ नावाच्या दुसऱ्या आकारावर. दोन्हींत आपल्या भागात शंभर-दीडशे मीटरचा फरक पडतो. माळावर दीडशे मीटर म्हणजे काहीच नाही, घाटमाथ्यावर मात्र तो नाळेच्या, म्हणजे खाली उतरणाऱ्या अरुंद घळीच्या, तोंडाचा आणि शेजारच्या कड्याचा फरक असतो. ओपन सिरीजची शीटं डब्ल्यूजीएस ८४ वरच आहेत, तेव्हा शक्यतो तीच घ्या. कुणी जुनी स्कॅन केलेली फाईल दिली, तर दोन-तीन पक्क्या खुणांवर, म्हणजे पूल, देवळाचा कळस, रस्त्याचा तिठा, ती बसतेय का ते आधी तपासा. होकायंत्राचं मात्र सुख आहे. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एखाद्या अंशाचाच फरक पडतो, डोंगरात तो सोडून दिला तरी चालतो.

दुसरं सामान ओपनस्ट्रीटमॅप. ट्रेकवाल्यांच्या बोलण्यात याचाही ओएसएम होतो आणि ओपन सिरीजचाही ओएसएम, त्यामुळे कुणी 'ओएसएमवर वाट आहे' म्हणालं की आधी 'कुठल्या?' असं विचारा. ओपन सिरीज सरकारी मोजणीदाराने काढलेली, ओपनस्ट्रीटमॅप तुमच्या-माझ्यासारख्यांनी. ऑर्गॅनिक मॅप्स, ओस्मअँड ही ॲप्स यावरच चालतात. कर्नाटकाचा भाग उतरवून ठेवलात की रेंज नसली तरी चालतं. पण जंगलातून हद्द ओलांडली की कोरा कागद दिसतो, म्हणून गोवा आणि महाराष्ट्राचेही भाग उतरवून ठेवा. चोर्ल्याला तिन्ही राज्यं हाकेच्या अंतरावर आहेत. सुर्ल गाव गोव्याचं, पण तिथे जायचं ते कर्नाटकातल्या रस्त्याने. ॲपला हे कळत नाही.

या नकाशावर पायवाटा भरपूर दिसतात. त्यातल्या काही कुणीतरी चालून नोंदवलेल्या, आणि काही घरी बसून उपग्रहाचं चित्र बघत गिरवलेल्या. मूळ संकेतस्थळावर जाऊन त्या रेघेवर बोट ठेवलंत तर कुणी, केव्हा काढली ते दिसतं. चालणाऱ्याची रेघ वेडीवाकडी, झाडाला वळसा घालणारी असते, गिरवणाऱ्याची गुळगुळीत. माझा अनुभव असा, की राजहंसगड, पारगड, कलानिधीगड, महिपाळगड असल्या ठिकाणच्या वाटा बऱ्यापैकी बरोबर आहेत. खानापूरच्या पश्चिमेला, दाट रानात, तीच गोष्ट छातीठोकपणे सांगणार नाही.

त्याहून मोठा धोका कंटूरचा आहे आणि त्याबद्दल फार कमी लोक बोलतात. ॲपमधल्या बहुतेक उंचीच्या रेषा कुणी जमिनीवर मोजून काढलेल्या नसतात. २००० सालच्या फेब्रुवारीत अवकाशयानातून रडारने पृथ्वीची उंची टिपली होती, त्या माहितीवरून त्या काढलेल्या असतात. या माहितीत दर तीस मीटरला एक उंची. दोन उंचींच्या मधे काय आहे ते यंत्राला माहीत नाही, ते सरळ उतार जोडून मोकळं होतं. त्यामुळे चाळीस मीटरचा सरळसोट कडा ॲपवर चढा, पण उतरता येईल असा उतार दिसू शकतो. शिवाय दाट रानात रडारला जमीन दिसतच नाही, झाडांचे शेंडे दिसतात. टोपोशीटवर तोच कडा मोजणीदाराने कड्याच्या खुणेने दाखवलेला असतो. म्हणून घाट उतरायचा असेल तर ॲपच्या कंटूरवर जीव टाकू नका. शीट उघडा आणि मोजा. एका सेंटिमीटरात दहा रेषा असतील तर पाचशे मीटरांत दोनशे मीटर उतार, दमवणारा पण माणसाचा. त्याच दहा रेषा अर्ध्या सेंटिमीटरात आल्या तर हात टेकत उतरायचं. एकमेकीला चिकटल्या तर तिथे वाट दाखवलेली असली तरी आधी गावात विचारायचं.

तिसरं म्हणजे उपग्रहचित्र. यासाठी मी संगणकावरचं गुगल अर्थ वापरतो, कारण त्यात जुनी चित्रं मागे जाऊन बघता येतात. इस्रोचं भुवन २००९ पासून आहे, तेही बघतो, पण पायवाटेसाठी मला त्याचा फारसा उपयोग झाला नाही. चित्र कोणत्या महिन्याचं आहे त्यावर सगळं अवलंबून. ऑक्टोबरचं चित्र म्हणजे हिरवी गोधडी, काहीच दिसत नाही. फेब्रुवारी ते एप्रिलमधलं शोधा. पानगळीच्या रानात तेव्हा जमीन दिसते. कातळाच्या सड्यावर तर गुरांची वाट फिकट दोऱ्यासारखी स्पष्ट उमटते, कारण शेकडो वर्षं खूर घासून कातळावरचं काळं शेवाळ गेलेलं असतं. भीमगडच्या बाजूला, बारमाही हिरव्या रानाखाली, कोणत्याही महिन्यात काही दिसत नाही. तिथे हा मार्ग बंदच.

इथेही एक फसवणूक आहे. उन्हाळ्याआधी वनखातं वणवा अडवायला जाळपट्टे काढतं, लोक त्यांना फायर लाईन म्हणतात. वरून बघितलं तर पट्टा अगदी रुंद, मळलेल्या रस्त्यासारखा दिसतो, डोंगराच्या धारेवरून सरळ जाणारा. विजेच्या मोठ्या तारांखालची तोडलेली पट्टीही तशीच. दोन्हींची ओळख एकच: त्या सरळ जातात. माणसाची आणि गुरांची वाट चढ टाळत जाते, पाण्याला चिकटून जाते, कुठल्यातरी खिंडीकडे वळते. जी रेघ थेट चढावर चढते, ती बहुतेक वेळा माणसाच्या पायाने झालेली नसते.

चौथं, लोकांनी टाकलेले ट्रॅक, म्हणजे चालताना फोनने नोंदवलेल्या वाटेच्या रेघा. विकीलॉक या संकेतस्थळावर इकडचे बरेच आहेत. ट्रॅक उतरवण्याआधी तारीख बघा. फेब्रुवारीत म्हादई ओलांडलेला ट्रॅक जुलैत तुम्हाला नदीकाठी नेऊन सोडेल आणि तिथून पुढे काही सांगणार नाही. मधेच लांबलचक सरळ रेघ दिसली तर तिथे त्या माणसाच्या फोनला उपग्रह सापडत नव्हते, खरी वाट कुठून गेली ते कुणालाच ठाऊक नाही. एकाच ठिकाणी गुंतवळा दिसला तर तो तिथे चुकला होता. हा गुंतवळा मला फार आवडतो. प्रामाणिक माणसाचा ट्रॅक तोच, पुसून-सावरून टाकलेला नव्हे. चार-पाच वेगवेगळ्या माणसांचे ट्रॅक जिथे एकावर एक बसतात, तिथली वाट आज जिवंत आहे असं धरून चाला.

जुन्या घाटांच्या नावांसाठी दोन जागा सांगतो. अमेरिकन लष्कराने १९५० च्या दशकात १:२,५०,००० चे भारताचे नकाशे काढले होते, ते टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतात. एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर, त्यामुळे चालायला निरुपयोगी, पण कुठला घाट कुठून कुठे उतरत होता हे एका नजरेत कळतं. आणि मुंबई इलाख्याचं १८८४ चं बेळगाव गॅझेटियर. त्यातला रस्त्यांचा भाग वाचून मग शीट उघडलं, की ठिपक्यांच्या रेघेमागे माणसं दिसायला लागतात.

आता नावांबद्दल थोडं, कारण इथे नवख्या मराठी माणसाचा हमखास गोंधळ होतो. एकाच गावाचं नाव शीटवर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक, पाटीवर कन्नडमध्ये दुसरं आणि गावकऱ्याच्या तोंडी मराठी-कोकणीत तिसरं. नकाशात नाव शोधताना तिन्ही तऱ्हा टाकून बघा. जिल्ह्याच्या पूर्वेला सरकाल तशी नकाशावरच्या नावांची शेपटं कन्नड होत जातात: हळ्ळ म्हणजे ओढा, गुड्ड म्हणजे डोंगर, केरे म्हणजे तळं, बावी म्हणजे विहीर. पायवाटेला कालुदारी. पश्चिमेला गोव्याकडे ओढ्याचा व्हाळ होतो. एवढे शब्द पाठ असले की नकाशा अर्धा वाचून होतो, आणि पाणी कुठे आहे तेही कळतं.

महसूल खात्याचे नकाशेही वापरा, भटकणारे लोक हे कधीच करत नाहीत. कर्नाटकात दिशांक नावाचं सरकारी ॲप आहे, उभे आहात त्या जागेचा सर्व्हे नंबर ते दाखवतं. महाराष्ट्राच्या बाजूला महाभूनकाशा. यात चढउतार काही कळत नाही, पण ही जमीन कुणाची, रान कुठे सुरू होतं, गावाची पाणंद कुठून जाते हे कळतं. कुंपण घातलेल्या काजूच्या बागेतून 'नकाशावर वाट आहे' म्हणून घुसणारे मी बघितलेत. मालकाने काठी उगारली तर त्याचं काय चुकलं?

एवढं सगळं जमवून घरी टेबलावर वाट आखली, की माझ्या मते काम साठ टक्के झालं. उरलेलं गावात होतं. एकदा पठाराच्या कडेच्या गवळीवाड्यावर पोचलो होतो. शीटवर तिथून खाली कोकणात उतरणारी ठळक वाट होती, ॲपवरही होती, उपग्रहातही सुरुवातीचा भाग दिसत होता. तिन्ही साक्षी जुळलेल्या, आणखी काय पाहिजे? म्हातारबाबा दारात दोरी वळत बसले होते. मी फोन पुढे केला. त्यांनी त्याकडे बघितलंही नाही.

'वाट हाय की,' म्हणाले. 'माजं लगीन त्याच वाटेनं झालं.'

'मग आता जाता येतं?'

'गुरं जात्यात पाण्यापतोर. म्होरं दरड आल्या. आमी गेलो न्हाई तवाधरनं.'

पाण्यापर्यंत गुरं जात होती म्हणून उपग्रहात सुरुवात दिसत होती. पुढे दरड होती, आणि ती शीट निघाल्यावर कधीतरी पडली होती. ॲपवरची रेघ कुणीतरी शीटवरून गिरवलेली असणार. म्हणजे माझ्या तीन साक्षी खरं तर एकच साक्ष तीनदा बोलत होती. मोजणीच्या धंद्यात असूनही हे माझ्या आधी लक्षात आलं नाही. तेव्हापासून दोन नकाशे जुळले की मी आधी विचारतो, एकाने दुसऱ्याचं बघून तर लिहिलं नाही ना?

विचारायचीही पद्धत आहे. 'ही वाट खाली जाते का?' असं विचारलंत तर सभ्य माणूस 'जाते' म्हणणार, पाहुण्याला नाही कसं म्हणायचं. त्याऐवजी 'तुम्ही शेवटचं कधी गेला होता?' आणि 'भरलेली पाटी डोक्यावर घेऊन बाईमाणूस जातं का?' हे दोन प्रश्न विचारा. दुसऱ्याचं उत्तर होय असेल तर निर्धास्त जा. आणि आमच्याकडे 'इथंच की, जवळच' याचा अर्थ दीड तास असा धरायचा. थोडी कन्नड शिकाल तर बरं, पण खानापूरच्या पश्चिमेला मराठी-कोकणीवर सगळं निभावतं.

परवानगीचं वेगळं सांगावं लागतंय, कारण नकाशावर वाट आहे म्हणजे जायची मुभा आहे असं बरेच जण धरून चालतात. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, साधारण १९० चौरस किलोमीटरचं, आणि जांबोटी-हेमाडगा बाजूचं बरंचसं रान त्यात येतं. पलीकडे गोव्यात म्हादई अभयारण्य १९९९ पासून. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या २७ व्या कलमानुसार आत शिरण्यावर बंधन आहे, परवाना २८ व्या कलमाखाली मिळतो. तेव्हा आधी वनखात्याच्या रेंज ऑफिसात जा. कोणत्या वाटा सध्या खुल्या आहेत तेही तिथेच कळतं, वर भिंतीवर लावलेला त्यांचा कंपार्टमेंटचा, म्हणजे रानाच्या तुकड्यांचा, नकाशा बघायला मिळाला तर तो फायदा वेगळाच. शीटवरची अभयारण्याची हद्द धरून चालू नका, २०११ आधीच्या शीटवर ती नसणारच. बारापेडेच्या गुहांकडे तर फिरकूच नका. जगात मोजक्याच ठिकाणी सापडणारं रॉटनचं वटवाघूळ तिथे राहतं. त्या गुहांचा ट्रॅक कुणी टाकला असेल तर तो पुढे पाठवू नका. दूधसागरला रुळांवरून चालत जाण्याचे ट्रॅकही ढिगाने मिळतील. रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली तो गुन्हा आहे, आणि बोगद्यात गाडी आली तर कलमाची वेळच येत नाही.

आणखी एक, परदेशी दुकानांतून उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र मागवायचा मोह होईल. रानात रेंज नसते, त्यामुळे कल्पना चांगली वाटते. पण परवान्याशिवाय असलं यंत्र बाळगणं आपल्याकडे बेकायदा आहे. त्यापेक्षा घरी एका कागदावर वाट, गावांची नावं आणि परतायची वेळ लिहून ठेवा. साधा फोन विमान मोडवर टाकला तरी त्याचं जीपीएस चालू राहतं आणि बॅटरी दिवसभर पुरते.

सुरुवात कणकुंबीच्या रानात करू नका. आधी देवरवाडीच्या वैजनाथापासून महिपाळगडाची धार करा. शहरापासून जवळ, वाट मोकळी, रान विरळ, चुकलात तरी खाली गाव दिसतं. ४८ आय/५ चं शीट रंगीत छापून घ्या आणि तिथे जाऊन फोन खिशात ठेवा. फक्त कागदावरून दर अर्ध्या तासाला आपण कुठे आहोत तिथे पेन्सिलने फुली मारा, मग फोन काढून पडताळा. पहिल्या दिवशी माझ्या फुल्या चारशे-पाचशे मीटरने चुकल्या होत्या, आणि मी तेव्हा दोन वर्षं जमिनी मोजत होतो! फुल्या शंभर मीटरच्या आत यायला लागल्या की मग जांबोटीच्या पलीकडे बघा.

छपाई लेझरवर करून घ्या, साध्या इंकजेटवर नको. आषाढात कणकुंबीला प्लॅस्टिकच्या पिशवीतसुद्धा दमट होऊन शाई पसरते, आणि पहिल्यांदा पसरतो तो लाल रंग.